स्वर्गातली माझी चादर

ब्रेस्तला तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या सोआझला बेटाच्या दक्षिण टोकावरून कातेलचे पुष्कळ आशीर्वाद. (अकरा दिवसांनी मोठी आहे मी. तेवढा हक्क सोडणार नाही.) तुझे गुडघे, तुझ्या नवऱ्याचा खोकला आणि पिंजऱ्यातला तो पोपट, जो फ्रेंचमध्ये शिव्या देतो असं ऐकते, या तिघांची प्रकृती कशी आहे ते कळव. डाव्या हाताची करंगळी थंडीत ठणकते का अजून? माझं बरं आहे. दात चार उरलेत, पण एकही दुसऱ्याच्या समोर नाही, त्यामुळे भांडण नाही. पत्र नेहमीप्रमाणे पाद्रीबाबा लिहितायत. मी सांगते, ते लिहितात, आणि त्यांना न आवडेल ते गाळतात असा माझा जुना संशय आहे. (हेही लिहा, बाबा. खोडू नका. मला अक्षर येत नाही, पण खोडताना टाक वेगळा कुरकुरतो, तो मला कळतो.)

तर बातमी अशी, की मी स्वर्ग पाहिला. चार वेळा पाहिला. आणि तिथे आमचा गोल्वेन आहे.

आता हसू नकोस, आधी ऐक. तीस वर्षांमागे पॅरिसहून सिनेमावाले आले होते, आठवत असेल. कड्यावर तिपाईवर पेटी मांडून आठवडाभर बसले होते आणि आपल्या मेंढ्यांना 'बाजूला व्हा' असं फ्रेंचमध्ये सांगत होते. त्यांना स्वर्गासाठी माणसं हवी होती. स्वर्ग कुठे, तर वायव्येच्या कड्यावर, जिथे वाऱ्यानं पावटेसुद्धा उभे राहत नाहीत. जो येईल त्यानं घरून पांढरी चादर आणायची, अंगावर घ्यायची आणि पुण्यवान दिसायचं. दुपारी पाव आणि डब्यातले मासे. अख्खं गाव गेलं. मी नाही गेले, कारण आनैगला जन्म देऊन मला नऊच दिवस झाले होते, आणि बाळंतिणीला देवळात नेऊन आशीर्वाद मिळेपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही ही आपली रीत तुला ठाऊकच आहे. गोल्वेन मात्र गेला. आईनं लग्नात दिलेली तागाच्या चादरींची जोडी होती ना, त्यातली एक पेटीतून ओढून घेऊन गेला. संध्याकाळी परत आला, चादरीला गवताचे डाग. म्हटलं, कसा होता स्वर्ग? म्हणाला, बरा होता. तो माणूस एवढंच बोलायचा. तू त्याला ओळखतेस.

सिनेमावाले गेले आणि त्यांचा सिनेमा बेटावर काही आला नाही. पुढच्या वसंतात तू ब्रेस्तला गेलीस, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात गोल्वेनचं जहाज बुडालं. तू इथे नव्हतीस म्हणून सांगते. समुद्रानं त्याला परत दिलं नाही, मग आपल्या रीतीनं प्रोएला केली. त्याच्या जागी चार बोटांचा मेणाचा क्रूस टेबलावर ठेवला, खाली उरलेली दुसरी चादर अंथरली (ती डागाळलेली त्याच्याबरोबर जहाजावर गेली होती), बायका रात्रभर जपमाळ ओढत बसल्या, आणि सकाळी तो क्रूस वाजतगाजत पुरायला नेला. एवढा उंच माणूस, आणि मी पुरलं काय, तर चार बोटं मेण. तेव्हापासून प्रत्येक पाद्रीबाबांना मी एकच विचारत आलेय, तो आहे कुठे? वर पोचला की अजून मध्येच कुठे भिजतोय? हे चौथे. चौघांचंही उत्तर एकच: आशा धर, कातेल. (तुम्ही चांगलं म्हणालात बाबा, नाही असं नाही. पण खात्री चौघांपैकी कुणी दिली नाही.)

आता या नोव्हेंबरात, मृतांच्या महिन्यात, बाबांनी केंपेरच्या बिशपांच्या यादीतून एक सिनेमा मागवला. यादीत लिहिलं होतं म्हणे: विषय, प्रेम, श्रद्धा आणि परलोक, सर्वांनी पाहण्याजोगा. तो कुठे काढलाय हे त्यांना काय ठाऊक, चार वर्षांमागे तर बेटावर आलेत आणि अजून बोटीत ओकतात. शिकवणीच्या खोलीची भिंत ओलीनं फुगलेली, म्हणून पडद्याला चादर हवी, मोठी, बिनजोडाची. अशी बेटावर एकच उरलीय. माझी. मी दिली, एकाच अटीवर, की पहिल्या बाकावर मधोमध मी बसणार. रविवारची दुपारची प्रार्थना झाली, खिडक्यांना घोंगड्या लावल्या आणि वीज करणारं ते इंजिन धडधडायला लागलं.

सिनेमाला आवाज नाही. मधूनमधून अक्षरं येतात, ती आमची आनैग मला कानात वाचून दाखवत होती. गोष्ट अशी. एक मुलगी, पॅरिसची, पण आपली टोपी घातलेली, ती बटाटे काढताना कुदळ उलटी धरते. तिचा प्रियकर बुडतो. ती देवळात रडते. (इथे आधी एक चुंबन आहे. बाबांनी यंत्रापुढे हात धरला, तर ते चुंबन त्यांच्याच तळहातावर उमटलं. मागच्या बाकांनी पाहिलं. लिहा, लिहा, पाप तुमच्याकडून कुठे झालं?) मग तो मेलेला प्रियकर दारात येतो. अंगातून आरपार दार दिसतं, आणि कपडे कोरडे. आम्ही सगळ्या बायका एकदम म्हणालो, कोरडे कसे? आपले मेलेले नोव्हेंबरात येतात ते ओले येतात, न बोलता चुलीपाशी बसतात, टेबलावर ठेवलेल्या धिरड्यांचा वास घेतात आणि जातात. हा मात्र कोरडा ठणठणीत आणि बोलका. तिचा हात धरतो आणि दोघं लाटांवरून चालत वर जातात. ती लगेच मरते म्हणून बरं, स्वर्गात वीस वर्षांचीच पोचते. जी मागे राहून तीस वर्षं बटाटे काढते, तिचं पुढे काय, हे सिनेमावाले दाखवत नाहीत.

मग स्वर्ग आला. आमचं हसू तिथेच थांबलं.

सोआझ, तिथे सगळे होते. चक्कीवाली म्हातारी, जिनं उभ्या जन्मात कुणाला पीठ नीट मोजून दिलं नाही, ती डोळे मिटून पुण्यवान झालेली. मार्हारीत आणि तिची सासू, दोघी शेजारी उभ्या आणि भांडत नाहीत. बुडालेले किती तरी. मागे एक मेंढी चरतेय, काळी, माझ्या मते आमचीच. आणि वारा असा, की साऱ्यांच्या चादरी शिडासारख्या फुगलेल्या, जणू ते अख्खं टोकच आता निघणार आहे. खोलीत कुणी खोकलं नाही. लोक हळूच नावं घ्यायला लागले. माझा बाबा. आमचा फांश. ती बघ आई. देवळात घेतात तशी नावं.

आणि डावीकडून गोल्वेन आला. माझी चादर खांद्यावर, पाय अनवाणी, एकतीस वर्षांचा. मी तो चेहरा विसरले होते, ते मला त्या घटकेला कळलं. इतकी वर्षं मला वाटत होतं की आठवतोय. तो चार पावलं चालला, थांबला, वळला, आणि हसला. त्याच्या समोर कुणीतरी पाठमोरं उभं आहे, डोक्यावरून चादर, बाहेर फक्त एक हात. त्याच्याकडे बघून गोल्वेन काहीतरी बोलला. म्हणजे बोलला असणार, कारण नेमकं तेव्हाच त्याच्या तोंडावर माझ्या चादरीचं रफू आलं. स्वर्गातही चादर माझी, पडद्यालाही चादर माझी, जोडीतल्या दोघी बहिणी तीस वर्षांनी समोरासमोर आल्या, आणि मध्ये माझाच गबाळा टाका. मी उठून पडद्याला हात लावला. तर तो माझ्या हातावर आला, बोटांवरून चालत गेला. ऊब नव्हती. पण होता.

दिवे लागल्यावर मी बाबांना म्हटलं, पाहिलंत ना, वर पोचलाय.

बाबा म्हणाले, "कातेल, तो स्वर्ग नव्हे. तुझ्या चादरीवर पडलेला उजेड आहे नुसता."

म्हटलं, "आणि तुमचा क्रूस? नुसतं मेणच ना?"

बाबा चष्मा पुसून म्हणाले, "उद्या बोट यायच्या आत पुन्हा लावू या. या वेळी चादर उलटी टांगू." तेव्हापासून हा माणूस मला आवडायला लागलाय. (लाजू नका. टाक थांबला तुमचा.)

पण सोमवारी बोट आली नाही. वारा उठला. मंगळवारीही नाही. असे नऊ दिवस गेले, आणि सिनेमाचा डबा बेटावरच राहिला. गावात बोलतात, कातेलनं वाऱ्यासाठी मेणबत्ती लावली. खलाश्याची विधवा, आणि वादळ मागेल? मी लावली होती ती दातासाठी. दोन लावल्या, हे खरं.

चादर उलटी टांगल्यावर रफू खाली गेलं आणि गोल्वेनचं तोंड मोकळं झालं. ओठ हलतात, स्पष्ट. तीन शब्द. काय म्हणतो? साऱ्या बेटाला दुसरा विषय नाही. शेवटी आम्ही बिएलला आणलं. तो घंटा वाजवून वाजवून बहिरा झालाय, लोकांच्या ओठांवरूनच ऐकतो, आणि नको ते नेमकं ऐकतो. तिसऱ्या खेळाला त्याला माझ्याशेजारी बसवला. पाहून झाल्यावर तो म्हणाला, "पहिला शब्द एक तर 'पाव' आहे, नाहीतर 'माफ'."

मी ओठ ताणून बोलले, "नक्की कुठला?"

"ओठ दोन्हीला सारखेच. तूच म्हणून बघ."

मग सगळी खोली म्हणून बघायला लागली. पाव, माफ, पाव, माफ. तूही आत्ता आरशापुढे म्हणून बघ. आनैगच्या नवऱ्याचं ठाम मत, पाव. दुपारची वेळ होती, माणूस भुकेला होता. बायकांचं मत, माफ. "नवरा हसून माफी मागतो कधी?" म्हणाली आनैग. चौथ्या खेळाला बिएलनं पुन्हा पाहिलं आणि सांगितलं, मधला शब्द 'कर' असू शकतो, शेवटचा दिसत नाही, तो हसण्यात गेला. मग वारा पडला, बोट आली, आणि डबा गेला. मी धक्क्यापर्यंत सोडायला गेले होते. जहाजावर चढणाऱ्याला सोडायला जातात तशी.

असो. असं हे माझं म्हातारपणी देवदर्शन. एक काळजी मात्र लागून राहिलीय. तो एकतीसचा आणि मी एकुणसाठची. वर गेल्यावर मला बघून 'या आई, बसा' म्हणाला तर मी काय करू? बाबा म्हणतात, तिथे वय नसतं. मी म्हटलं, वय नसेल, पण आरसा असेलच ना कुणाकडे तरी. नवऱ्याला नमस्कार, पोपटाला काही नाही.

तुझी कातेल (फुली मी स्वतः काढली आहे, डावा पाय जरा लांब झालाय)

ता. क. गुडघ्यांना लावायचं ते ब्रेस्तचं मलम मिळालं तर दोन डब्या पाठव. पत्र खरं त्यासाठीच होतं.

ता. क. दुसरा. मलमासाठी नव्हतं. अक्षर बदललेलं दिसेल. हे सरकारी शाळेच्या बाई लिहितायत. बाबांना मी म्हटलं पाकीट मी चिकटवते, आणि तशीच इकडे आले. बाई आणि बाबा एकमेकांशी बोलत नाहीत, त्यामुळे इथलं तिथे जायचं नाही.

सोआझ, तो पाठमोरा हात तुझा आहे. गावात कुणी म्हणतं फांशच्या बायकोचा, कुणी म्हणतं चक्कीवालीच्या सुनेचा. मी काही बोलले नाही. डावा हात, करंगळी बाहेर वळलेली. मेंढ्यांच्या वाड्याच्या फाटकात ती सापडून मोडली तेव्हा फाटक मी लोटलं होतं, मी ओळखणार नाही तर कोण?

आणि आणखी एक, जे मी चारही पाद्रीबाबांना सांगितलं नाही. आपल्याकडे मागणी मुलीनं घालायची. रुमालात खारवलेल्या डुकराचा तुकडा बांधून मुलाच्या घरी जायचं, त्यानं खाल्ला की ठरलं. तू रविवारी गोल्वेनकडे जाणार होतीस. शुक्रवारी तुमच्या धुराड्याला धूर दिसला, डुक्कर शिजल्याचा वास आला, आणि मी काय ते समजले. मी शनिवारी गेले. कच्चाच तुकडा घेऊन गेले, शिजवायलासुद्धा थांबले नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं, तो कच्चा तुकडा चावून चावून खाल्ला आणि म्हणाला, बरं. मला त्यानं त्याहून जास्त कधी काही सांगितलं नाही. रविवारी तू कुठेच गेली नाहीस. त्यावर आपण आजवर बोललो नाही.

म्हणून विचारते. तू त्याच्यासमोर उभी होतीस. ऐकायला तू एकटीच होतीस. तो काय म्हणाला? पाव म्हणाला असेल तर पाव लिही. 'पाव कर अर्धा' असं काही असेल, तो नेहमी भुकेलाच असायचा. माफ म्हणाला असेल तर तसं लिही. मी रागावणार नाही. माफी खरं म्हणजे मी मागायला हवी होती, तो माझ्या वाटची मागून गेला असेल तर मला ते कळायला नको का? आठवत नसेल तर मात्र बनवून लिहू नकोस, मला तुझं खोटं कळतं, बाई वाचून दाखवतील तेव्हा त्यांच्या आवाजातही कळेल.

ता. क. तिसरा आणि शेवटचा, बाईंच्या चुलीवर दूध उतू चाललंय. उरलेली चादर मी माझ्या प्रेतासाठी धुऊन ठेवलीय. रफू उसवून नीट घातलं. उत्तर पाव आलं तर आनैग मला तिच्यात गुंडाळेल. माफ आलं तरी तिच्यातच, पण आधी मधोमध फाडून अर्धी तुला पाठवीन. नाही म्हणू नकोस. तुझी ती ब्रेस्तची चादर पातळ असणार, आणि वर वारा फार आहे. मी पाहिलाय.