एव्डोकियाचे वीस दिवस

कांदिया, १२ मार्च १३८४

चि. मानोलीस, ऱ्होड्सच्या घरातल्या सगळ्यांसकट, ताईचे आशीर्वाद.

इकडे ठीक. तुझे भावोजी जाऊन चार वर्षं झाली, पण भट्टी थंड पडू दिली नाही. व्हेनिसच्या जहाजांना लागणारा कडक पाव यंदाही माझ्याकडूनच जायचा आहे. माझ्या सख्ख्या भावाला तो चाववत नाही, हे खलाशांना सांगितलेलं नाही.

एक काम आहे. सहा वर्षांपूर्वी गुलामांच्या बाजारातून आणलेली आमची एव्डोकिया तुला आठवत असेल. परवा तुमच्याकडचा एक खलाशी तिच्या भुवईवरचा व्रण बघत राहिला. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, की ऱ्होड्सच्या धक्क्यावर स्तामाती नावाचा जाळी विणणारा येईल त्या जहाजावर अशाच व्रणाच्या बायकोची चौकशी करतो. लुटारूंनी तिला किनाऱ्यावरून उचलून नेलं. एव्डोकिया भट्टीपाशी होती, तिने ऐकलं नाही. मीही सांगितलं नाही. तू बघून ये, पण माझं नाव काढू नकोस.

माया आहे तशी असू दे.
पोथाताई

ऱ्होड्स, ३ एप्रिल

ती. ताईस मानोलीचा नमस्कार, वि. वि.

पावाबद्दलचा टोमणा पोचला. दात तुझ्याच पावाने गेले.

स्तामातीला भेटलो. त्याने दुसरं लग्न केलेलं नाही. मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती, आता नऊची. बायकोचं नाव विचारलं, तर एव्डोकियाच म्हणाला. तुझ्या सांगण्याप्रमाणे तुझं नाव काढलं नाही, आणि घरी येऊन लगेच हे लिहायला बसलो. तिच्याशिवाय तुझी भट्टी चालणं कठीण, हे मला कळतं. तरी ताई, तिला सांग.

धाकट्यावर राग धरू नये, ही विनंती.
मानोली

कांदिया, १५ मे

चि. मानोलीस आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं तेव्हा जहाजांचा पाव अर्धाच झाला होता. मी पत्र पिठाच्या पेटीत ठेवलं. शेवटची पोती धक्क्यावर गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिला सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, पत्र कधी आलं. मी म्हटलं, वीस दिवस झाले. तिने भट्टीतले पाव काढले, हात धुतले आणि ती दारात जाऊन बसली.

लेखनिकाकडून मुक्तिपत्र करून घेतलं. किती घेऊन सोडताय, असं त्याने विचारलं. काही नाही म्हटल्यावर दोनदा विचारलं. काल ती जहाजावर चढली. वाटेसाठी शिदोरी बांधून दिली होती, ती ओट्यावरच राहिली. तू तिला जाऊन भेट. ती माझ्याबद्दल काही बोलली तर कळव. नाही बोलली तरी कळव.

मायेत अंतर पडू देऊ नकोस.
पोथाताई

ऱ्होड्स, ८ जून

ती. ताईस नमस्कार, वि. वि.

एव्डोकिया सुखरूप पोचली. स्तामातीला रडू आवरेना. मुलगी त्याच्या पाठीमागे लपली. अजून तिला आई म्हणत नाही, पण दोन दिवसांपासून शेजारी झोपते.

तुझ्याबद्दल मीच विचारलं. ती म्हणाली, की पोथाबाईंना खोटं बोलता आलं असतं, पत्र कालच आलं म्हणाल्या असत्या तर मला कुठून कळणार होतं. त्या खरं बोलल्या, एवढं लिहा. माफ केलं असंही लिहू का, म्हणून विचारलं. ते लिहू नका म्हणाली.

म्हणून लिहीत नाही. तू माझी ताई आहेस, ती राहशीलच.
मानोली