गुरुवारच्या भाषणाआधी

वेस्ट कॅन्बी, व्हरमाँट
सोमवार, १३ सप्टेंबर १८६९

प्रिय लायमन,

अनेक आशीर्वाद. तू रटलंडला सासुरवाडीस सुखरूप पोचल्याचं तुझ्या पत्रावरून कळलं. एमिलीला आणि मुलींना माझी आठवण सांग.

आज धुण्याचा दिवस. सकाळी पाऊस होता, म्हणून कपडे लाकडाच्या शेडमध्ये वाळत घातले. दुपारी उघडलं. असाहेल कूम्ब्स येऊन रहाट दुरुस्त करून गेला. मी त्याला बीन्स वाढल्या, त्याने उभ्यानेच खाल्ल्या. त्याची तीच सवय आहे.

गुरुवारच्या कार्यक्रमाची तयारी जवळजवळ झाली आहे. युद्धात गेलेल्यांच्या स्मारकाचा दगड शनिवारी आला. चार बैल लागले. चर्चसमोरच्या हिरवळीवर उभा केला आहे आणि वरून चादर टाकली आहे. नावं कोरून झाली आहेत. मी अजून पाहिली नाहीत.

बुधवारी रात्री माझ्याकडे उतरावं असं तू लिहिलं आहेस. मागच्या खोलीचं छप्पर गळतं आणि तिथल्या शेगडीचं धुराडं उतरवून ठेवलं आहे. मिसेस टटल तुला आनंदाने ठेवून घेतील. त्यांचं घर मोठं आहे आणि त्यांना पाहुण्यांची हौस आहे.

तुझं भाषण मला मिसेस टटलकडूनच कळलं. तू ते कमिटीकडे आधी पाठवलंस, आणि परवा दुकानात पिठाच्या पिंपाशी उभं राहून त्यांनी मला त्यातला एक भाग वाचून दाखवला. त्यांचे डोळे भरून आले होते. "फिलीना, तुझ्या ऑरिनबद्दल किती सुंदर लिहिलंय गं! ऐक, 'त्या थंडीत मी विचारलं, पलटणीचं नाव राखायला कोण पुढे येतो? आणि सगळ्यांत पहिलं पाऊल टाकलं ते माझ्या बहिणीच्या मुलाने.' अशी मुलं आता जन्मायची नाहीत बाई!"

मी दुकानदाराला म्हटलं, पाच पौंड मीठ द्या.

लायमन, ऑरिनने पहिलं पाऊल टाकलं नव्हतं. सगळ्यांत शेवटचं टाकलं होतं. हे तुला ठाऊक आहे, आणि मला ठाऊक आहे हे मात्र तुला ठाऊक नसावं.

चौसष्टच्या फेब्रुवारीत, पुढच्या तीन वर्षांसाठी सैन्यात पुन्हा नाव घातलेल्यांची पलटण महिन्याच्या रजेवर आली, तेव्हा स्टेशनवर बँड होता. तू सगळ्यांच्या पुढे चालत होतास. ऑरिनने पत्रात मला स्पष्ट लिहिलं होतं की मी पुन्हा नाव घालणार नाही, जुलैत तीन वर्षं भरली की गवत कापायला घरी येतो. तरी तो त्या रांगेत होता. मला वाटलं, मन बदललं असेल. तरुण मुलांचं बदलतं. मी विचारलं नाही. दहाएक दिवसांनी तो चुलीपाशी बूट सुकवत बसला होता, तेव्हा आपणहून बोलला.

नियम मी तुला सांगायला नको, पण भाषणात तू तो गाळला आहेस. दर चौघांतल्या तिघांनी पुन्हा नावं घातली तरच कंपनी टिकणार आणि नावं घातलेल्या सगळ्यांना मिळून घरी जाता येणार. नाहीतर कंपनी मोडणार, माणसं परक्या पलटणींत वाटली जाणार, आणि घरची रजाही जाणार. कंपनी मोडली की कॅप्टनही उरत नाही. म्हणजे ज्याला सैन्यात थांबायचं नव्हतं, तो बाकी सगळ्यांची रजा अडवून बसलेला.

ऑरिन म्हणाला, "आई, एकच माणूस कमी पडत होता. मामाने सगळ्यांना रांगेत उभं केलं. म्हणाला, माझं स्वतःचं रक्त नाही म्हणणाऱ्यांत उभं राहिलं, तर दुसऱ्यांच्या पोरांना मी कोणत्या तोंडाने सांगू? असं म्हणून नुसता माझ्याकडे बघत राहिला."

मी विचारलं, "मग तू गेलास?"

"तेव्हा नाही गेलो."

पुढचं त्याने बुटाकडे बघत सांगितलं. एका झोपडीतले ते पाच जण एका शेकोटीवर रांधायचे, कॉफी आणि डुकराचं मांस सगळ्यांचं एकत्र. त्या संध्याकाळी तो आपली कॉफी घेऊन गेला तर त्यांच्यातल्या जोथम पाइकने भांडं बाजूला ओढलं. "ऑरिनला जुलैत घरी जायचंय ना? मग त्याने जुलैतच जेवावं." सगळे हसले. पहिल्या दिवशी ती थट्टा होती. नंतर कोणी हसेना आणि कोणी बोलेनाही. तो टिनच्या पेल्यात वेगळी कॉफी उकळायचा. झोपडीत शेकोटीजवळची जागा गेली, दाराशी झोपायचा. त्याच कंपनीतल्या, नाव न घातलेल्या असाहेलचंही तेच झालं, पण असाहेल मुळातच कमी बोलणारा. ऑरिनला माणसं लागायची, तुला ते माहीत होतं.

"मामाने हे पाहिलं?" मी विचारलं.

"रोज पाहायचा, आई. सलाम घेऊन पुढे जायचा."

चौथ्या की पाचव्या संध्याकाळी तो तुझ्या तंबूत आला. तू त्याच्या पाठीवर थाप मारलीस आणि म्हणालास, "शाब्बास! तुझी आई मला दुवा देईल." हेही त्याने सांगितलं. ते सांगताना त्याला हसू आलं होतं.

तुला कॅप्टन केलं ते याच गावाने, हिरवळीवर हात वर करून. ऑरिननेही हात वर केला होता, मामा म्हणून. सरकारने तुला आमच्यावर बसवलं असतं तर मला इतकं लागलं नसतं.

जोथमबद्दल माझ्या मनात आता काही नाही. त्याचा एक हात गेला. परत आला त्याच हिवाळ्यात तो माझ्या दारात येऊन उभा राहिला. मी म्हटलं आत ये, तर म्हणाला, "नको काकू, आधी सांगतो, मग बघा घ्यायचं का आत. भांडं मी ओढलं. मला माझ्या पोरीला भेटायचं होतं." मी त्याला आत घेतलं.

चौसष्टच्याच जुलैत, ज्यांनी नावं घातली नव्हती ते परत आले. असाहेल आणि आणखी दोघं. बँड नव्हता. गवताच्या दिवसांत रस्त्याने चालत आले आणि दुकानासमोर बसलेल्या म्हाताऱ्यांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली. कोणीतरी म्हणालं, "बघा, घरी बसायला आले." मी दारात उभी होते. कितीही नको म्हटलं तरी चौथा कोणी मागून येतो का ते पाहत होते.

ऑगस्टात पीटर्सबर्गच्या खंदकात ऑरिन मारला गेला. पाणी आणायला निघाला होता. हल्ला नव्हता, काही नव्हतं.

तू तेव्हा तिथे नव्हतास. हे लिहायचं नाही असं ठरवून मी बसले होते. पण भाषणात तू 'आम्ही खंदकात' असं म्हणतोस, मिसेस टटलनी तेही वाचलं. एप्रिलअखेर तू राजीनामा दिलास. अधिकाऱ्याला देता येतो, साध्या शिपायाला येत नाही. छातीचं दुखणं म्हणालास. सहा आठवडे याच घरात राहिलास, ऑरिनच्या बिछान्यात झोपलास. मी तुला दूध तापवून दिलं, मोहरीचे लेप लावले. सहा आठवड्यांत तुला खोकताना मी फार वेळा ऐकलं नाही. तेव्हा तुला काही विचारलं नाही, आताही विचारत नाही. जूनमध्ये तू आयोवाला गेलास आणि तिथे तुझी तब्येत सुधारली, हे बरंच झालं.

तू त्या कंपनीला बांधून ठेवलंस आणि स्वतः सुटलास. हे मी आजवर कोणाला बोलले नाही. असाहेलला आणि जोथमला माहीत आहे, पण ते बोलणार नाहीत. त्यांना वाटतं, माझा भाऊ आहेस.

भाषण कर. पलटणीबद्दल हवं ते बोल, लोकांना ऐकायचंच आहे. ऑरिनचं नाव दगडावर आहे, तेवढं पुरे. तुझ्या तोंडी ते येऊ देऊ नकोस. आलं, तर मी उठून उभी राहीन आणि तो कितवा होता ते सांगेन. मी सभेत कधी बोललेली नाही आणि माझा आवाज लहान आहे. पण त्या दिवशी सगळे शांत बसलेले असतील, ऐकू जाईल.

मी दुसऱ्या बाकावर असेन. असाहेलला मी माझ्या शेजारी बसायला सांगितलं आहे. तो येईल असं वाटत नाही, पण जागा धरून ठेवीन.

हे पत्र उद्या सकाळच्या गाडीने निघेल, म्हणजे बुधवारच्या आत तुला मिळेल. उत्तराची गरज नाही.

दूध काढायची वेळ झाली. गाय केव्हाची हंबरते आहे. चरवी धुऊन गोठ्यात जाते.

ऑरिनची आई,
फिलीना स्टॉडर्ड