रविवारचं प्रॅक्टिकल

५ जुलै ९८, रवि.
व. आज नगरच्या प्रयोगशाळेतून तडक उठून गेला. (तोंडावर 'अहो' म्हणते. इथे तरी म्हणणार नाही.) दोन प्राथमिक शिक्षक, नवरा-बायको, चाळिशीत बाहेरून बी.एस्सी. करायला निघालेले. कल्पना त्याचीच होती! पिपेटच्या नळीने वर ओढताना आम्ल तोंडात गेलं त्याच्या. फार नाही, पण खाकरत, थुंकत राहिला बेसिनपाशी. सर वयाने याच्याहून लहान. सगळ्यांसमोर म्हणाले, "गुरुजी, शाळेत पोरांनाही असंच शिकवता का?" मागे कुणीतरी हसलं.
एस.टी.तून आमच्या श्रीगोंद्याला उतरल्यावर: "बंद. दोघांचंही."
माझं का?

१९ जुलै
व.ने मुद्दाम आजच नणंदेला सहकुटुंब जेवायला बोलावलं. पहाटे उठून सगळा स्वयंपाक केला, झाकून ठेवला, नगरची पहिली गाडी पकडली. परत आले तर खरकटी भांडी मोरीत तशीच, वर मुंग्या. पाहुण्यांना म्हणे सांगितलं, "बाईसाहेब शास्त्रज्ञ व्हायला गेल्यात."
घासली. आदळून आदळून.

९ ऑगस्ट
सर मला: "तुमचे मिस्टर शहाणे निघाले, वेळेत सोडलं. तुम्हांला अजून हौस आहे?" माझ्याच टेबलावर ताराबाई, नेवाशाच्या दवाखान्यात नर्स. त्या कुणाचं ऐकून घेतात! "सर, फी आमी बी भरलीय. शिकवा की गप." सर लालबुंद. पुढचा तासभर आमच्या टेबलाकडे फिरकले नाहीत. दिलेला क्षार कोणता ते ओळखायचं होतं, चुकलं. दोघींचंही. तरी हसत बाहेर पडलो.

३० ऑगस्ट
सकाळीच भांडण. "ना बढती, ना पगारवाढ. कुणासाठी करतेस हे?"
"तुमच्यासाठीच."
विरघळला की! संध्याकाळी गजरा घेऊन आला. मला म्हणायचं होतं, मी पास झाल्यावर तुमचं तोंड बघायचंय, त्यासाठी. खुलासा केला नाही. गजराही माळला नाही.

२० सप्टें.
ताराबाई आल्या नाहीत. रविवारची ड्यूटी लावली त्यांना, म्हणून सोडलं म्हणे. आधी रडू आलं, मग त्यांचाही राग. सोडायचंच होतं तर इतकं बोलायचं कशाला...
एकटीने टायट्रेशन: आम्लात थेंबथेंब अल्कली, रंग टिकेपर्यंत. थेंब पडतो, रंग येतो, हलवलं की जातो. मग एका थेंबाला फिकट गुलाबी आला आणि राहिला. राहिलाच! सर डोकावले, "हं" म्हणून पुढे गेले. गाडीत सारखं वाटत होतं, कुणाला तरी सांगावं. सगळ्या गल्लीत हे कळेल असा एकच माणूस. घरी पोचले तर तो पेपर तोंडासमोर धरून बसलेला.
नाही सांगितलं.

११ ऑक्टो.
परीक्षा झाली. रीडिंग जुळलं. सर बाहेरच्या परीक्षकांना म्हणाले, "या बाई काही सोडत नाहीत." कौतुक होतं की वैताग, कळलं नाही. निकालात कळेल.
व. आज स्टँडवर घ्यायला आला होता. मी बोलावलं नव्हतं. कसं गेलं ते विचारलं नाही. स्कूटर चालवत, मागे न बघता: "नवे प्रवेश कधी सुरू होतात गं?"
"कुणाला हवाय?"
"असंच."
"माहीत नाही," म्हणाले.
माहीत आहे.