स्वस्तातलीच घेतली

१४ ऑक्टोबर, रविवार

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही इकडे बरे आहोत. तू, वहिनी आणि पिल्लू मजेत असाल. पिल्लूचे पुढचे दात आले का? फोटोत हल्ली तोंड घट्ट मिटून उभी असते, म्हणून विचारते.

फोनवर तू "गिटार घेतली का?" असं विचारलंस की मी दर वेळी काहीतरी सांगून विषय बदलते. तर, घेतली. पण तू सांगितलेली नाही, स्वस्तातली घेतली. लगेच फोन उचलून ओरडू नकोस, आधी पत्र पुरतं वाच. फोनवर मला नीट बोलताच येत नाही, कारण मास्तर (लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी तुझ्या बँडमधलं हे नाव माझ्या तोंडून सुटत नाही) शेजारच्याच खोलीत असतो आणि त्याचे कान अजून पूर्वीसारखेच तिखट आहेत.

अर्धांगाच्या झटक्यानंतर त्याला व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, की डाव्या हाताच्या बोटांना जुन्या सवयीचं काही काम द्या. मी लगेच माळ्यावरून जुनी गिटार काढली, तर तिची मान पार वाकलेली. ते तुला सांगितलं आणि तू लगोलग पैसे पाठवलेस. "चांगल्यातली चांगली घे, मास्तरच्या हातात भंगार देऊ नकोस," म्हणालास. मलाही तेच वाटत होतं. खरं सांगायचं तर तुझ्याहून जास्त वाटत होतं.

गुरुवारी माझ्या चष्म्याच्या दुकानाला सुट्टी असते, म्हणून दुपारी त्याला घेऊन गेले. रिक्षातून उतरताना त्याचा डावा पाय अडकला आणि मागचा माणूस हॉर्न वाजवत बसला. असो. वाद्यांच्या दुकानातल्या बाईंनी दोन गिटारी समोर ठेवल्या. एक महागडी, अख्ख्या लाकडाची, मधासारख्या रंगाची. दुसरी प्लायची, नवशिके घेतात तसली. दिवसभर मी गिऱ्हाइकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलून "हे स्पष्ट की ते?" असं विचारत असते. इथं कुणी विचारायची गरजच नव्हती.

"ही घ्या," बाई म्हणाल्या. "हिच्या तारा मऊ आहेत. बोटांना जड जाणार नाही."

मास्तरने ती मांडीवर घेतली. मोकळी तार छेडली, तर दुकान भरून गेलं रे. मग त्याने डाव्या हाताची बोटं एकेक करून तारांवर नेऊन ठेवली आणि उजवा हात फिरवला. दोन तारा वाजल्या. बाकीच्या नुसत्या टक् टक्, दारावर नख वाजवावं तशा. त्याने बोटं उचलली, पुन्हा ठेवली. पुन्हा टक्. गिटार इतकी सुरेल, की न वाजलेली प्रत्येक तार वेगळी ऐकू येत होती. त्याच्या कपाळावर घाम आला. मी आपली म्हणत होते, "छान आहे, हीच घेऊ, सरावाने जमेल."

त्याने ती खाली ठेवली आणि दुसरीकडे बोट दाखवलं.

दादा, माझं डोकंच फिरलं. स्वस्तातली घेणं म्हणजे आता काही व्हायचं नाही हे कबूल करणं, असं माझ्या डोक्यात घट्ट बसलं होतं. मी भर दुकानात बोलले, "इतकी काय घाई आहे हार मानायची? मी नाही मानत, तर तू कशाला मानतोस?" दुकानातल्या बाई पाठ फिरवून काउंटर पुसायला लागल्या.

तो चिडला नाही. हल्ली शब्द जुळवायला त्याला वेळ लागतो. सावकाश म्हणाला, "तू... जरा बस."

भिंतीपाशी बाक होता. मी बसले, आणि दादा, मी झोपले. टेकले तेवढंच आठवतं. जाग आली तेव्हा डोक्याखाली कुणीतरी माझीच पिशवी सरकवली होती आणि बाहेर उन्हं उतरली होती. त्या बाईंनी प्लायच्या गिटारीला बारीक तारा चढवल्या होत्या, तारांखालची पट्टी घासून तारा खाली आणल्या होत्या. मास्तर वाजवत होता. सगळी गिटार करकरत होती, आणि तो हसत होता. अर्ध्या तोंडाने, पण आवाज करून.

"काय झालं?" मी विचारलं.

"ऐक," म्हणाला. "ही... सगळीकडेच करकरते. चूक माझी... की हिची... कुणाला कळतच नाही."

"आणि ती दुसरी?"

"ती खरं बोलते गं. रोज उठून... खरं ऐकायची... ताकद नाही अजून. बरा झालो तर... येऊ परत."

मी नेहमी "बरा झाल्यावर" म्हणते. तो "तर" म्हणाला. अगदी सहज. आणि माझ्या अंगातून काहीतरी उतरल्यासारखं झालं. बरं वाटलं म्हणू नये, पण वाटलं.

आता तो रोज सकाळी वाजवतो. ऐकवत नाही. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "कुणी शिकतंय वाटतं?" तो वरूनच ओरडला, "हो, नवीनच आहे!"

आता खरं ते लिहिते. त्या दिवशी दुकानात मी का झोपले, याचाच विचार करते आहे. एका परक्या बाईने थोडा वेळ त्याच्याकडे लक्ष दिलं, एवढंच झालं होतं. मी थकले आहे, दादा. बसल्या जागी डोळे मिटतात, आणि अंथरुणावर पडलं की कान त्याच्या खोलीकडे.

तू काठी पाठवलीस, आरामखुर्ची पाठवलीस, गिटारीचे पैसे पाठवलेस. तू आला नाहीस. का, ते मला कळतं. तुझ्या बँडमधला मास्तर तुला तसाच हवा आहे. त्याला तोंड वाकडं करून पाणी पिताना बघायचं नाहीये तुला. तो कधी विचारत नाही. पण तुझा फोन आला की खुर्ची दाराजवळ ओढून बसतो, आणि तू "काय लागेल ते सांग, पाठवतो" म्हणालास की पुन्हा मागे सरकतो.

उरलेले पैसे परत पाठवत नाही. त्यातून तुझं तिकीट काढलंय, सोबत जोडलंय. यायचं नसेल तर कारण मला सांगू नकोस, त्याला सांग.

आलास की मी दार उघडीन, त्याची औषधं कुठे आहेत ते दाखवीन आणि आत जाऊन झोपीन. राग मानू नकोस. आपल्या गप्पा मी उठल्यावर.

वाट बघत नाही, येतोस असं धरूनच चालले आहे.

तुझी,
धाकटी