नॉबवरचं बोट

३ नोव्हेंबर

पुन्हा घुंई! सगळं जोडून झालं, जुन्या रेडिओत असायची तसली ट्यूब पेटली, काचेच्या पोटात छान नारिंगी उजेड आला. हेडफोन कानाला लावला, तर गाणं कुठे तरी मागे आणि पुढे नुसती घुंईऽऽ. डब्यात गांधीलमाश्या कोंडल्यासारखी.

कुठून अवदसा आठवली आणि हे घरी बनवायला घेतलं! तयार मिळत होता की अ‍ॅम्प्लिफायर. पण नाही. दिवसभर लॅबमध्ये कवळ्या बनवते, एकेक दात बसवते, म्हटलं सोल्डरनं वायरी जोडणं म्हणजे डाव्या हातचा मळ. घ्या आता!

कारण एकच. लॅबमध्ये ग्राइंडरची घरघर, घरी आलं की नानांचा टीव्ही. सासऱ्यांना ऐकू येत नाही, म्हणून तो अख्ख्या इमारतीला ऐकवायचा. मोठे हेडफोन घेतले, तर फोनवर ते नुसते कुजबुजतात. त्यांना जोर लागतो म्हणे. ट्यूबवर आवाज गोडही येतो म्हणे. गोड!

५ नोव्हेंबर

वायरी बदलल्या. अडॅप्टर बदलला. घुंई आहे तशीच.

पार्टवाल्याकडे गेले. तो दात कोरत म्हणाला, "मॅडम, ट्यूबचं असंच असतं. होईल सवय." सवयच करायची तर टीव्हीची नसती का केली?

८ नोव्हेंबर

आज नवऱ्याला स्पष्ट सांगितलं. जेवताना. नाना समोरच होते, पण त्यांना कुठे ऐकू येतंय! म्हटलं, त्यांना भाऊजींकडे पोचव. मोठ्या भावाचं घर मोठं, अंगण आहे. आपण इतकी वर्षं केलं, त्यांची पाळी कधी यायची? संध्याकाळचा एक तास मला माझा हवाय. एक तास! मी काय महाल मागतेय?

"अगं, हळू बोल."

"कशाला हळू? कानाशी तोफ डागली तरी मान वळायची नाही."

नवरा ताटात बघत राहिला. म्हणाला, "विचारतो दादाला." नानांनी पाण्याचा तांब्या पुढे ओढला आणि स्वतःच ओतून घेतलं.

डब्याचं लिहायचं राहिलं. हे सगळं ज्यात बसवलं तो पत्र्याचा डबा मी आणला, पण रंग नानांचा. गाड्यांना रंग मारण्यात जन्म गेला त्यांचा. गडद हिरवा दिलाय, तोंड बघावं असा! "आतूनही दोन हात दिलेत, सूनबाई. गंज धरायचा नाही." दिसायला राजा आहे डबा. वाजायला बघा.

९ नोव्हेंबर

रविवार पाण्यात. आवाजाचा नॉब जिथे बसतो तो भागच नवा घातला. घुंई. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं.

बाहेर टीव्हीवर कोण तरी कोणावर तरी ओरडत होतं. मीही ओरडले. कोणालाच ऐकू गेलं नाही.

१२ नोव्हेंबर

एक गंमत. गंमत कसली, छळ! नॉबला बोट लावलं की घुंई गायब. एकदम. बोट काढलं की हजर. धातूचा नॉब आहे, माझ्याच हौसेचा.

म्हणजे बोट लावून ऐकायचं! लावून बघितलं. एका गाण्यात खांदा भरून आला. डबा टेबलावर, आरामखुर्ची खिडकीशी, आणि मी मधे लोंबकळतेय. डोळे मिटून सुखानं ऐकावं म्हणून एवढा खटाटोप केला, तर हे आसन! नवरा हसून हसून बेजार. म्हणाला, "योगाचा क्लास काढ." आज त्याच्याशी बोलणार नाही.

१५ नोव्हेंबर

मी तशीच लोंबकळलेली असताना नाना आत आले. बघत उभे राहिले. मी वैतागून बोट उचललं, तोंड वाकडं केलं, परत लावलं. त्यांनी माझा हात बाजूला केला, स्टूल ओढलं, आणि नॉबवर आपलं बोट ठेवलं. दुसऱ्या हातानं खुर्ची दाखवली — जा, बस.

बसले. डोळे मिटले. देवा रे! ही गाणी मी शाळेपासून ऐकतेय. गाणारी कडव्याआधी श्वास घेते, तो आज पहिल्यांदा ऐकला.

डोळे उघडले तर नाना माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांना काय ऐकू येणार, कप्पाळ! पण चेहरा असा, जसं काही तेच ऐकतायत. आणि बाहेर टीव्ही बंद. त्यांनीच केलेला.

१७ नोव्हेंबर

काल आले, आजही आले. मी हेडफोन उचलला की टीव्ही बंद करून स्टूलावर हजर.

पण हा काय उपाय झाला? सासऱ्यांना नॉबला बांधून ठेवायचं? लोक शेण घालतील तोंडात. आणि भाऊजींचा होकारही आलाय — रविवारी आणून सोड. ठरलं ते ठरलं. नानांना सांगणार कोण, यावरून जेवताना आमची जुंपली. नाना निमूट जेवत होते.

१९ नोव्हेंबर

सापडलं! काखेत कळसा नि गावाला वळसा! डब्याचा पत्रा आणि नॉबचा भाग एकमेकांना टेकायला हवेत, अर्थिंगची वायरसुद्धा पत्र्यालाच भिडायला हवी. पण टेकतात कुठे? मधे रंग! आतून दिलेले ते दोन हात!

डोकंच फिरलं. जेवताना नवऱ्याला म्हटलं, "तुझ्या वडिलांना कोणी सांगितलं होतं आतून रंगवायला? इतके दिवस जीव खाल्ला माझा त्या रंगानं. आता नॉबपाशी, वायरीपाशी खरवडायचा कसा? मेला निघता निघत नाही." रागाच्या भरात आणखीही बरंच बोलले. इथे लिहीत नाही.

नाना लवकर उठले पानावरून.

२० नोव्हेंबर

लॅबमधून आले, डबा उघडला, तर आत रंग खरवडलेला! नॉबच्या भोकाभोवती आणि अर्थिंगच्या स्क्रूखाली तेवढाच, रुपयाएवढा गोल, पॉलिश पेपरनं घासून लख्ख. स्क्रू आवळलेला. लावून बघितलं. घुंई नाही. बोटाशिवाय नाही!

नवऱ्याला विचारलं, "तू सांगितलंस त्यांना?"

"मी? मी कशाला सांगू?"

मग कोणी सांगितलं?

२१ नोव्हेंबर

विचारलंच. समोर बसून, मोठ्यानं ओरडून.

"ओरडू नकोस," नाना म्हणाले. "ओरडलीस की तोंड वेडंवाकडं होतं. मग कळत नाही."

कारखान्यात जन्मभर कंप्रेसरचा धडधडाट. तिथे सगळे असेच बोलायचे म्हणे, एकमेकांचे ओठ बघून. "टीव्हीतली माणसं पाठ फिरवून बोलतात. म्हणून आवाज वाढवतो. तुम्ही तर समोरच बसता."

समोरच. जेवताना. रोज.

तेच पुढे म्हणाले, "मोठ्याकडे अंगण आहे. बरं आहे. म्हटलं, जायच्या आधी तुझं यंत्र तेवढं गप्प करावं. रंग माझाच होता."

पिशवी भरून ठेवलेली दिसली. कपडे, औषधं, चष्म्याची डबी. राहा म्हणावं म्हणून तोंड उघडलं, आणि मिटलं. ते माझ्या ओठांकडे बघत होते. मिटलेल्या ओठांवर काय दिसणार!

लाज वाटते. लिहितानाही वाटते.

२३ नोव्हेंबर

गेले. नवरा सोडून आला. निघताना नानांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, म्हणाले, "ऐक आता निवांत."

ऐकलं. घुंई नाही, टीव्ही नाही, काही म्हणता काही नाही. जसं हवं होतं अगदी तसं. दोन गाणी झाली. स्टूल टेबलाशीच होतं. तिसरं लावलं नाही.

नवरा आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून झोपलाय. बापाला सोडून आलाय, त्याला काय विचारायचं?

२४ नोव्हेंबर

लॅबला सुट्टी टाकली. डबा उघडला, स्क्रू सैल केला, खाली कागदाचा तुकडा सरकवला. घुंईऽऽ. छान, जोरात!

आता नानांना सांगायचं की परत बिघडलं, तुमच्या बोटाशिवाय चालत नाही, घरी चला. फोनवर त्यांना ऐकू येत नाही. समोर उभं राहून, न ओरडता, सावकाश बोलावं लागेल. पहिली बस पकडते.