बाटल्यांतले पाणी

१२ फेब्रुवारी २०२५, बुधवार. सायंकाळी ७.१०. भंगाराच्या दुकानात शांपूच्या बाटल्या उलट्या करून ठेवतो आहे.

फेस राहिला की प्लॅस्टिक वितळवणारा कारखाना माल परत पाठवतो, म्हणून दोन दिवस सगळ्या बाटल्या घासून धुतल्या. तळाशी पाणी राहिले, ते मला दिसले नाही. माल विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याने आज पोते काट्यावर ठेवले, हलवले आणि मालकांना म्हणाला, "अहो काका, बाटल्या विकताय की पाणी?"

वजनात चोरी, असाच अर्थ. काका माझ्याकडे बघत राहिले. मी मुद्दाम केले असे वाटले का त्यांना? नुसते पाणी होते. नंतर म्हणाले, "उद्यापासून काट्याला हात लावू नकोस."

खर्च: साबण, वीस रुपये.
देणे: व्यापाऱ्याने कापलेले तीनशे दहा. काकांनी मागितले नाहीत. मागितले असते तर बरे वाटले असते.