ताऱ्याच्या पायऱ्यांबाबतचा जबाब बदलून मिळणेबाबत

प्रति,
मा. ठाणेप्रमुख,
जिल्हा पोलीस ठाणे, दर्रा-ए-चिनार.

विषय : ताऱ्याच्या तेजाबाबतचा माझा जबाब रद्द करून पत्नीचा मूळ जबाब ग्राह्य धरणे व तिची सुटका होणेबाबत.
संदर्भ : हवालदार सफोल यांनी काल दिलेली तोंडी समज (लाथांसह).

महोदय,

१. अर्जदार मिर्झोशरीफ व पत्नी ओयमाहीन हे टेकडीवरील वेधशाळेत नोकरीस असून, ज्यांचे तेज कमीजास्त होते अशा ताऱ्यांवर नजर ठेवणे हे आमचे काम आहे. अंधाराला सरावलेले डोळे बिघडू नयेत म्हणून आम्ही लाल दिवा वापरतो. ती नदीपलीकडच्या टोळीला खूण आहे असे समजून आपल्या शिपायांनी दार फोडले, दुर्बिणीच्या भिंगावर बंदुकीचा दस्ता घातला व आम्हांस फरफटत खाली आणले. दिव्याबद्दल तक्रार नाही. लढाईच्या दिवसांत खालून तसे वाटू शकते. भिंगाबद्दल आहे. तसे भिंग आता मिळत नाही.

२. आम्हांस वेगळ्या खोल्यांत बसवून, काय बघत होतात व ते कसे दिसत होते, असे विचारण्यात आले. मी सांगितले की आमचा तारा शेजारच्या ताऱ्याहून एक पायरी मंद होता; पायरी म्हणजे डोळ्याला जेमतेम कळेल एवढा तेजातला फरक. पत्नीने तीन पायऱ्या सांगितल्या. दोन्ही जबाब खरे आहेत. तारा लाल आहे, आणि लाल रंग ज्याच्या त्याच्या डोळ्याला वेगळा लागतो. म्हणूनच आमच्यात रीत आहे की एकमेकांचा आकडा ऐकायचा नाही, आणि कानावर पडलाच तर आपला बदलायचा नाही. हवालदार म्हणाले, "एका घरात राहता, एकाच नळीतून बघता, आणि तुम्हां नवरा-बायकोला खोटंसुद्धा सारखं बोलता येत नाही?" नंतर त्यांनी माझी बोटे दाराच्या फटीत धरून दार लावले. हा अर्ज डाव्या हाताने लिहिला आहे, अक्षराबद्दल क्षमा असावी.

३. एकाचा आकडा दुसऱ्याला ऐकवून, जबाब जुळेपर्यंत मारायचे असे ठरले. टोळीचा माणूस असल्याच्या कागदावर मी अंगठा दिला आहे, हेर असल्याच्याही दिला. आणखी कशावर हवा असल्यास देईन. पायरी तेवढी बदलली नाही. तो उर्मटपणा नव्हता, जन्माची सवय होती. पट्ट्याचे बक्कल बसल्यापासून माझ्या उजव्या डोळ्याला दिसत नाही.

काल माझे ओरडणे भिंतीपलीकडे गेले. तिकडून ओयमाहीन म्हणाली, "एकच पायरी होती. त्यांचंच बरोबर आहे, मी चुकले. आता पुरे करा." महोदय, या बाईने संसारात माझे काही म्हणता काही ऐकलेले नाही. ओश शिजवताना तांदळाला मीठ किती, यावरून आमचे पाहुण्यांसमोर वाजले आहे. माझा आकडा तिच्या तोंडून ऐकला तेव्हा मला रडू फुटले. तोवर मी रडलो नव्हतो.

तिला खोटे पडू द्यायचे नाही म्हणून मी त्याच क्षणी तीन पायऱ्या कबूल केल्या. त्यामुळे आता ती एक म्हणते, मी तीन म्हणतो, आणि जबाब पुन्हा जुळत नाहीत. हा कट नाही, हे मी कशाची शपथ घेऊन सांगू ते कळत नाही. हवालदार आज संध्याकाळी परत येणार आहेत, आणि या खेपेस आधी तिच्या खोलीत जाणार असे सांगून गेले आहेत.

सबब विनंती की, तिचा पहिला जबाब, म्हणजे तीन पायऱ्या, हाच खरा धरावा. तिचा डोळा माझ्याहून चांगला आहे. हे मी तिला कधी सांगितलेले नाही. माझा पहिला, एका पायरीचा जबाब खोटा धरून जी काय शिक्षा असेल ती मला द्यावी व तिला दिवस मावळण्यापूर्वी सोडावे. ताऱ्याचे तेज अजून उतरते आहे, कोणीतरी बघायला हवे.

सोडताना मी किती पायऱ्या कबूल केल्या ते मात्र कृपया तिच्या कानावर घालू नये. ऐकले तर ती परत येईल.

आपल्या कोठडीतील,
मिर्झोशरीफ

दिनांक : कोणी सांगत नाही. खिडकीत अर्धा चंद्र आहे.

सोबत : तिचा चष्मा. फरफटताना पडला होता, मी उचलला. एक काच शाबूत आहे, उजवी. ती बघते त्याच डोळ्याची.